दुभाषी आहे, तरी गाणं पोचत नाही? या चुका टाळा

गाण्याच्या कार्यक्रमासाठी सांकेतिक भाषेचा दुभाषी ठरवला, तरी दुसऱ्या-तिसऱ्या गाण्यानंतर कर्णबधिर प्रेक्षक मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेले दिसतात. मग खापर फुटतं दुभाष्यावर. बहुतेक वेळा चूक आयोजकाची असते, आणि तीही कार्यक्रमाच्या कितीतरी आधी झालेली.

सर्वांत मोठा घोळ प्रकाशाचा. गाणं रंगात येतं, दिवे मंदावतात, धूर सुटतो आणि दुभाष्याचे हात दिसेनासे होतात. ऐकणाऱ्यांसाठी ऐन कडव्यात माइक बंद पडावा, तसंच हे. दुभाष्यावरचा दिवा वेगळा ठेवा आणि काहीही झालं तरी तो विझवायचा नाही, हे लाइटवाल्याला आधीच सांगा. त्याच्या पाठीमागे झगमगता पडदा नको. मग कर्णबधिर प्रेक्षकांच्या खुर्चीत स्वतः बसून बघा: गायक आणि दुभाषी एका नजरेत येतात का? पुढचे लोक नाचायला उभे राहिल्यावरही?

गाण्यांची यादी आदल्या रात्री पाठवणं ही दुसरी चूक. सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे. ‘जीव टांगणीला लागला’ ही ओळ शब्दाला शब्द लावून दाखवली, तर कुणालातरी लटकवल्याचं दिसेल. घालमेल दिसणार नाही. प्रत्येक ओळीचा अर्थ आधी उकलावा लागतो, त्याला दिवस लागतात. आणि नुसती वाद्यं वाजत असताना दुभाष्याला विश्रांती मिळते, हा गैरसमज काढून टाका. ढोलाचा ठेका खांद्यांतून, व्हायोलिनचा लांबलेला सूर सावकाश सरकणाऱ्या हातातून दाखवणं हेही त्याचंच काम. म्हणूनच एकट्यावर दोन तास ढकलू नका. दोघं असावेत, साधारण वीस-तीस मिनिटांनी आलटून पालटून.

प्रेक्षक कुठली सांकेतिक भाषा वापरतात, हेही विचारा. अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे इंग्रजी बोलतात, पण तिथल्या सांकेतिक भाषा पूर्ण वेगळ्या आहेत.

फक्त मुख्य कलाकारापुरता दुभाषी देऊ नका. इंग्लंडमध्ये २०१७ साली ‘लिटल मिक्स’ या गायिकांच्या बँडच्या कार्यक्रमात आधी गाणाऱ्या गटांसाठी दुभाषी दिला नव्हता. मुलींना घेऊन आलेल्या कर्णबधिर आयांनी दावा लावला आणि २०२१ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. दोन गाण्यांमधल्या गप्पांनाही दुभाषी हवाच. सगळं सभागृह हसत असताना आपल्यालाच कारण कळू नये, हे फार बोचतं.

तालमीला कर्णबधिर व्यक्तीला बोलवा. काय पोचतं आणि काय नाही, हे तीच सांगू शकते. हे काम ऐकू येणाऱ्यांचंच, असंही धरू नका. २०२३ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, गायिका रिहानाची गाणी सांकेतिक भाषेत सादर करणारी जस्टिना माइल्स स्वतः कर्णबधिर आहे.

आणि या प्रेक्षकांना ‘तसंही ऐकू येत नाही’ म्हणून मागच्या कोपऱ्यात बसवू नका. काहींना थोडंफार ऐकू येतं, आणि बासचा ठोका छातीत, तळपायांत जाणवतो. लाकडी फरशी असेल तर जास्तच.