परदेशातली जुनी स्पोर्ट्स कार नागपुरात: आधी तारीख, मग गाडी

गेल्या वर्षभरात कॉलेजातल्या निदान वीस-बावीस पोरांनी मला एकच प्रश्न विचारला आहे. "दादा, १९९९ ची निसान स्कायलाइन पंचवीस वर्षांची झाली ना? मग आता आणता येईल?" उत्तर नाही असंच आहे, आणि ते सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. पंचवीस वर्षांचा नियम अमेरिकेचा आहे. कॅनडात पंधरा वर्षांचा आहे. या गाड्यांचे व्हिडिओ तिकडचे असतात, त्यामुळे इथल्या पोरांना तो नियम जगभर चालतो असं वाटतं. मलाही दोन वर्षं तसंच वाटत होतं. माझदा आरएक्स-७ साठी मी पैसे साठवत होतो.

भारतातला हिशेब वेगळा आहे. वापरलेली गाडी आणायची तर ती तयार झाल्यापासून तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. शिवाय स्टिअरिंग उजवीकडे हवं, स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये हवा, हेडलाइट डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीचे हवेत आणि गाडी मुंबई बंदरातूनच आली पाहिजे. दुसरा दरवाजा पन्नास वर्षांवरच्या गाड्यांचा. पूर्वी तोही १९५० च्या आधीच्या गाड्यांपुरताच होता. २०२५ च्या सुरुवातीला विदेश व्यापार महासंचालनालयाने, म्हणजे डीजीएफटीने, पन्नास वर्षं ओलांडलेल्या गाड्यांना तो खुला केला. मधली सत्तेचाळीस वर्षं बंद आहेत, आणि आपल्या पिढीच्या आवडत्या सगळ्या जपानी गाड्या नेमक्या त्या सत्तेचाळीस वर्षांत येतात. १९९९ च्या स्कायलाइनला हा दरवाजा २०४९ मध्ये उघडेल.

परदेशात राहून कायमचे परत येणाऱ्यांसाठी वेगळी तरतूद आहे, पण नागपुरात बसून गाडी मागवणाऱ्याला ती लागू होत नाही. कार्नेवर, म्हणजे तात्पुरत्या आयातीच्या कागदावर, आलेली गाडी सहा महिन्यांत परत न्यावी लागते. ती विकत देतो म्हणणाऱ्याच्या दारातही उभं राहू नका. "गाडी अमुक राज्यात आधीच पासिंग झालेली आहे, फक्त एनओसी आणून एमएच-३१ करायची" असं सांगणारेही भेटतात. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात कस्टमने 'ऑपरेशन नुमखोर' नावाने भूतानमार्गे आलेल्या गाड्या शोधून काढल्या. नुमखोर म्हणजे भूतानच्या भाषेत गाडी. बनावट कागदांवर पासिंग झालेल्या त्या गाड्या चांगल्या लोकांच्या अंगणातून उचलून नेल्या. पासिंग झालं म्हणजे आयात कायदेशीर झाली, असं होत नाही. बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीच्या वेळी कस्टमकडे भरलेला कागद, कुठे आहे, हा पहिला प्रश्न विचारा.

मी शेवटी आरएक्स-७ चा नाद सोडला आणि एमजीबी जीटी या जुन्या इंग्लिश स्पोर्ट्स कारकडे वळलो. ॲबिंग्डनच्या कारखान्यात एमजीबी १९६२ ते १९८० बनली, भरपूर बनली, त्यामुळे इंग्लंडमध्ये आजही तिचे सगळे सुटे भाग मिळतात. स्टिअरिंग उजवीकडे. आणि तिचं १७९८ सीसीचं इंजिन बीएमसीच्या, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या, बी-सीरिज घराण्यातलं आहे. आपल्या जुन्या अँबेसिडरचं १४८९ सीसीचं इंजिन त्याच घराण्यातलं. कामठी रोडवरच्या उस्तादांनी, ज्यांनी आयुष्यभर अँबेसिडर खोलल्या, माझ्या मोबाइलवर इंजिनाचा फोटो पाहिला आणि म्हणाले, "भाऊ, हे तं आपलंच इंजिन हाय. आण तू बिनधास्त." गाडी निवडताना मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं: आपल्या गावात ती कोण दुरुस्त करेल, हे आधी ठरवा. सुंदर गाडी पाचशे जण दाखवतील, टॅपेट सेट करणारा एकच असतो.

आता तारखेचं. नवीन माणूस इथेच फसतो, म्हणून सविस्तर सांगतो. मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांची व्याख्या आली: पहिल्या विक्रीनंतरच्या पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनं दुचाकी किंवा चारचाकी वाहन, जे मूळ रूपात आहे, ज्याच्या चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नाही. म्हणजे मोजणी मॉडेलच्या वर्षापासून नाही, पहिल्या नोंदणीपासून. मी पाहिलेल्या पहिल्या गाडीच्या जाहिरातीत "१९७५" लिहिलं होतं. कागद मागवला तर पहिली नोंदणी फेब्रुवारी १९७६. कारखान्यातून निघाल्यावर ती शोरूममध्ये काही महिने उभी राहिली असणार. २०२५ मध्ये ती माझ्या कामाची नव्हती.

इंग्लंडच्या नोंदणीपत्राला व्हीफाइव्हसी म्हणतात. त्यात पहिल्या नोंदणीची तारीख असते, आणि गाडी बाहेरून इंग्लंडमध्ये आलेली असेल तर तिथल्या पहिल्या नोंदणीची तारीख वेगळी असते. दोन्ही वाचा. एमजीबी मोठ्या संख्येने अमेरिकेला गेल्या होत्या. त्यातल्या बऱ्याच नंतर परत आणून डावं स्टिअरिंग उजवीकडे केलं गेलं. अशी गाडी दिसायला उत्तम असते, पण मूळ रूपात नसते. ती ओळखायची खूण चासी नंबरात आहे: सत्तरच्या दशकातल्या जीटीचा नंबर जीएचडी५ ने सुरू होतो आणि पुढे यू असेल तर ती अमेरिकेसाठी बनलेली. मी पाहिलेली दुसरी गाडी यूचीच निघाली. तिसरीचं इंजिन बदललेलं होतं, व्हीफाइव्हसीवर एक नंबर आणि ब्लॉकवर दुसरा. विक्रेता प्रामाणिक होता, त्याने स्वतःच सांगितलं. पण कागद जुळत नाही म्हणून सोडली, आणि ती सोडताना जीव खूप हळहळला, कारण रंग अगदी मला हवा तसा हिरवा होता.

चौथी गाडी मार्च १९७३ ची. तिच्यासाठी मी गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज सर्टिफिकेट काढलं. कारखान्याच्या मूळ रजिस्टरातून ते गाडी कधी बनली, इंजिन नंबर काय, मूळ रंग कोणता, कुठल्या बाजारासाठी पाठवली, हे लेखी देतात. खर्च थोडा, पण मूळ रूप सिद्ध करायला याहून चांगला कागद नाही. पैसे पाठवण्याआधी काढा, नंतर नाही. त्यानंतर विक्रेत्याने कायमची निर्यात म्हणून तिथल्या वाहन खात्याला कळवलं आणि व्हीफाइव्हसीचा उरलेला भाग मला पाठवला. तो भाग मूळ हवा, झेरॉक्स चालत नाही.

कस्टममधून गाडी सोडवून देणारा क्लिअरिंग एजंट शोधताना मला वाटलं होतं की अजनीला कंटेनर डेपो घराजवळ आहे, तिथेच काम होईल. पण गाड्यांची सवय असलेला एजंट मुंबईतच मिळाला आणि माल न्हावा शेवाला उतरवणंच सोयीचं होतं. एजंट निवडताना एकच विचारा: यापूर्वी तुम्ही जुन्या गाडीचं बिल ऑफ एंट्री भरलं आहे का, आणि त्याची प्रत नाव झाकून दाखवाल का.

पैशांचा हिशेब असा. शुल्क फक्त गाडीच्या किमतीवर लागत नाही. किंमत, जहाजभाडं आणि विमा मिळून जो आकडा होतो त्यावर लागतं. माझा तो आकडा दहा लाखांच्या आसपास होता. वापरलेल्या गाडीवर मूळ सीमाशुल्क ७० टक्के आणि कृषी पायाभूत सुविधा सेस ६७.५ टक्के, मिळून १३७.५. म्हणजे दहाचे झाले २३.७५ लाख. त्यावर जीएसटी, १२०० सीसीच्या वरच्या पेट्रोल गाडीला २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. आणखी साडेनऊ लाख. एकूण ३३.२५ लाख. दहा लाखांच्या गाडीला तेहतीस लाख. हा आकडा घरात सगळ्यांसमोर कागदावर लिहून दाखवा. आमच्या आईने तो पाहून दोन दिवस विषयच काढला नाही, मग म्हणाली, "कर्ज काढणार नसशील तर कर." मी कर्ज काढलं नाही, वर्ध्याकडचा प्लॉट विकला. पुढे वाहनकर, विमा, ट्रेलर आणि उस्तादांचं काम आलंच. दर बदलत राहतात आणि गाडी घेतली त्या दिवशीचा दर कामाचा नसतो, बिल ऑफ एंट्रीच्या वेळचा लागतो, म्हणून हातात थोडा जास्त पैसा ठेवा.

आमची अडचण एका अक्षरावर आली. विक्रेत्याच्या इन्व्हॉइसवर चासी नंबरात 'डी'च्या जागी शून्य टाइप झालं होतं. तेच बिल ऑफ लेडिंगमध्ये, म्हणजे जहाज कंपनीच्या माल-पावतीत, गेलं. व्हीफाइव्हसीवर बरोबर, गाडीच्या प्लेटवर बरोबर, या दोन कागदांवर चूक. तपासणीत अधिकाऱ्याने बोट ठेवलं, आणि त्यांचं बरोबर होतं. दुरुस्तीचं पत्र इंग्लंडहून यायला, शिपिंग लाइनने कागद बदलायला सोळा दिवस गेले. तोवर बंदरात बिनभाड्याने मिळणारे दिवस संपले आणि कंटेनरचं भाडं व गोदामभाडं चढत राहिलं. अठ्ठेचाळीस हजार रुपये गेले. मला पैशांपेक्षा त्या दिवसांत झोप न येण्याचं दुःख अजून आठवतं. म्हणून जहाज सुटण्याआधी सगळ्या कागदांवरचा चासी नंबर मोठ्याने, एकेक अक्षर, दुसऱ्या माणसाला वाचून दाखवा. एकट्याने नाही, डोळा चुकीचं अक्षर बरोबर वाचतो.

आऊट ऑफ चार्ज, म्हणजे कस्टमची गाडी सोडायची परवानगी, मिळाल्यावर गाडी चालवत आणायचा मोह आवरा. नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर नाही. ट्रेलरवर चढवली आणि समृद्धी महामार्गाने आणली.

नोंदणी परिवहन पोर्टलवरून होते. फॉर्म २०, विमा, बिल ऑफ एंट्री आणि नव्या नोंदणीचं वीस हजार रुपये शुल्क. विमा कंपनीला नोंदणी क्रमांक हवा असतो आणि नोंदणीला विमा. यातून वाट चासी नंबरावर पॉलिसी काढून निघते. पण काउंटरवर बसलेल्याला ते समजावण्यात मला तीन फेऱ्या लागल्या. गिरीपेठच्या आरटीओत जाण्याआधी केंद्राच्या नियमाची छापील प्रत सोबत ठेवा आणि आवाज न चढवता दाखवा. अशी गाडी त्यांच्याकडे रोज येत नाही, त्यांनाही वाचायला वेळ लागतो. तपासणीत चासी नंबराचा पेन्सिल प्रिंट घेतात, इंजिन नंबर पाहतात, फेरफार शोधतात. इथे ते हेरिटेज सर्टिफिकेट कामी आलं. तपासणाऱ्यांपैकी एकाने ते दोनदा वाचलं आणि मग बॉनेट स्वतःच्या हाताने हळूच बंद केलं.

मंजूर झाल्यावर फॉर्म २३ए मध्ये नोंदणी मिळते, मुदत दहा वर्षं. क्रमांकात एमएच नंतर व्हीए येतं, व्हिंटेजचं. ही गाडी रोजच्या वापराला नाही, हे आधी मनात पक्कं करा. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तिथे जाणं-येणं, इंधन भरणं, दुरुस्ती, एवढंच. ऑफिसला, लग्नाला, भाड्याने, काही नाही. मिहानमधल्या माझ्या नोकरीवर मी अजूनही मोटारसायकलनेच जातो.

आता काम नागपूरच्या उन्हाचं आहे. पंपावर ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं, पेट्रोल मिळतं आणि १९७३ च्या रबरी नळ्या इथेनॉल सहन करत नाहीत. फुगतात, चिरतात, आणि गरम इंजिनावर गळती म्हणजे आग. उस्तादांनी टाकीपासून दोन्ही एसयू कार्ब्युरेटरपर्यंतच्या सगळ्या नळ्या इथेनॉल चालणाऱ्या घातल्या, पंपाचा डायफ्रॅम बदलला. रेडिएटर काढून साफ करायला दिला आहे. पंखा तसाच ठेवायचा की नाही यावर आमचं अजून एकमत नाही. मूळ रूप बिघडू नये म्हणून मी तसाच ठेवा म्हणतो, आणि ते मे महिन्यातला पंचेचाळीस डिग्रीचा सिग्नल दाखवतात. रेडिएटर परत आला की वर्धा रोडच्या पंपापर्यंत इंधन भरायला जाऊन पाहू, सकाळी सहाला, गर्दीच्या आधी.