पहिल्यांदा क्रूझला निघताय? बुकिंगपासून उतरेपर्यंत काय काय बघायचं

पहिली क्रूझ दोन-तीन रात्रींचीच घ्या, असं मी प्रत्येकाला आग्रहाने सांगते. बरेच जण एकदम भूमध्य समुद्रातली सात रात्रींची सहल ठरवतात, चौघांचे मिळून काही लाख भरतात आणि दुसऱ्या दिवशी कळतं की आईला बोट लागते, नाहीतर मुलांना जहाजावर करमत नाही. समुद्राच्या मधोमध परतीचा पर्याय नसतो. मुंबईतून निघणारं जहाज घेतलंत तर विमानाचं तिकीट आणि व्हिसा दोन्ही वाचतात, आणि आपल्या घरच्यांना ही सहल मानवते का ते थोडक्यात समजतं. कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं ‘एम्प्रेस’ हे जहाज २०२१पासून मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा फेऱ्या करत आलं आहे. जहाज तसं जुनं, १९९०मध्ये बांधलेलं, पण अकरा मजले, पोहण्याचा तलाव, नाटकगृह, मुलांचा विभाग असं सगळं त्यावर आहे. पहिल्या अनुभवाला तेवढं पुष्कळ झालं.

१. आधी महिना ठरवा, मग जहाज

अरबी समुद्र जूनपासून सप्टेंबरपर्यंत खवळलेला असतो. पश्चिम किनाऱ्यावरचा क्रूझचा हंगाम पावसाळ्यानंतर सुरू होतो आणि ऊन तापेपर्यंत चालतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सगळ्यात शांत. पावसाळ्यातच सुट्टी मिळत असेल तर पूर्व किनाऱ्याकडे बघा. चेन्नईहून श्रीलंकेच्या फेऱ्या त्या काळात झालेल्या आहेत.

लक्षद्वीपचा मार्ग फार सुंदर आहे, पण एक गोष्ट आधी समजून घ्या. तिथे एवढं मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. ते खोल पाण्यात उभं राहतं आणि प्रवाशांना छोट्या बोटींतून बेटावर नेतात. लाटा जास्त असतील तर कप्तान बेटावर उतरणं रद्द करू शकतो, आणि बुकिंगच्या अटींमध्ये त्याला तो अधिकार दिलेला असतो. फक्त बेट बघण्यासाठीच जाणार असाल तर ही शक्यता धरूनच पैसे भरा. गुडघे दुखणाऱ्या माणसांना हलत्या बोटीत पाय टाकणं जड जातं, तेही आधी विचारात घ्या. बेटावर जायला परवाना लागतो. तो सहसा कंपनीच काढून देते, मात्र त्यासाठीचे कागद मुदतीत पाठवायला हवेत.

२. केबिन निवडताना

केबिनचे ढोबळ चार प्रकार: बिनखिडकीची, खिडकीची, बाल्कनीची आणि सूट, म्हणजे सगळ्यात मोठी, ऐसपैस केबिन. मुंबई-गोवा प्रवासाचा मोठा भाग रात्रीचा असतो, त्यामुळे पहिल्या खेपेला बाल्कनीचे जास्तीचे पैसे मला तरी पटत नाहीत. खिडकीची केबिन घ्या. बिनखिडकीच्या खोलीत दिवसाही मिट्ट काळोख असतो. काहींना त्यात गाढ झोप लागते, काहींचा जीव घुसमटतो. ज्यांना लिफ्टमध्येही अस्वस्थ वाटतं त्यांच्यासाठी ती केबिन नको.

दरापेक्षा केबिनची जागा जास्त महत्त्वाची आहे. जहाज सर्वांत कमी हलतं ते मध्यभागी आणि खालच्या मजल्यांवर. सर्वांत जास्त हलतं ते वरच्या मजल्यांवर आणि पुढच्या टोकाला. म्हणजे ज्याला बोट लागण्याची भीती आहे त्याच्यासाठी मधली, खालची, स्वस्त केबिनच उत्तम. बुकिंग करणाऱ्याकडून डेकचा, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा, नकाशा मागून घ्या आणि तीन गोष्टी तपासा. वर तलाव किंवा स्वयंपाकघर आहे का? पहाटे खुर्च्या सरकवल्याचे आवाज येतात. खाली नाटकगृह किंवा डिस्को आहे का? खिडकीसमोर लाइफबोट टांगलेली आहे का? तसं असेल तर खिडकीतून समुद्राऐवजी नारिंगी फायबर दिसेल.

चौघांसाठी एक केबिन घेतलीत तर तिसरा आणि चौथा पलंग बहुतेक वेळा छतातून किंवा भिंतीतून खाली उघडणारा असतो, शिडी चढून जायचा. आजी-आजोबा बरोबर असतील तर शेजारशेजारच्या दोन केबिन घ्या.

३. खरा खर्च काढा

जाहिरातीतला आकडा ही सुरुवात असते. त्यात बंदर शुल्क, जीएसटी आणि सेवाशुल्क धरलेलं आहे का ते लेखी विचारा. परदेशी जहाजांवर सेवाशुल्क म्हणजेच टिप माणशी, रात्रीमागे लावतात आणि ती साधारण १५ ते २० डॉलर असते. चौघांचं कुटुंब, चार रात्री, १५ डॉलर धरले तरी २४० डॉलर झाले. लहान मुलांनाही ती बहुतेक ठिकाणी लागते. परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने तुमच्याकडून आगाऊ घेतलेला आयकर, कापला जातो. रिटर्न भरताना तो वळता करून घेता येतो, म्हणून पावती जपा.

भाड्यात काय येतं? केबिन, मुख्य जेवणाचे हॉल, बुफे, बहुतेक कार्यक्रम, तलाव, जिम. काय येत नाही? दारू, बाटलीबंद थंड पेयं, खास रेस्टॉरंटं, स्पा, इंटरनेट, फोटो, कॅसिनो आणि बंदरांवरच्या सहली. जहाजावर रोख पैसे चालत नाहीत. चढताना एक कार्ड देतात; तेच केबिनची किल्ली, तेच ओळखपत्र आणि तेच खर्चाचं खातं. कार्ड टेकवायचं आणि पुढे जायचं, त्यामुळे खर्च होतोय हे हाताला जाणवतच नाही. मुलांच्या कार्डावर खर्चाची मर्यादा घालायला पहिल्याच दिवशी रिसेप्शनवर सांगा.

पेयांचं पॅकेज घ्यायच्या आधी हिशोब करा. काही कंपन्यांमध्ये एका प्रौढाने दारूचं पॅकेज घेतलं तर त्याच केबिनमधल्या दुसऱ्या प्रौढालाही ते घ्यावं लागतं, मग तो पीत असो वा नसो.

४. कागदपत्रं

देशातल्या देशात जाताना सरकारी ओळखपत्र पुरतं, मुलांचंही लागतं. परदेशी बंदर असेल तर पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने शिल्लक हवी.

व्हिसाच्या बाबतीत बहुतेकांच्या लक्षात न येणारा मुद्दा असा: सिंगापूरहून निघून मलेशिया किंवा थायलंडला जाऊन जहाज परत सिंगापूरला आलं, की तुमचा सिंगापूरमध्ये दुसऱ्यांदा प्रवेश होतो. त्यासाठी एकापेक्षा जास्त प्रवेशांचा व्हिसा लागतो. ग्रीसहून निघून तुर्कस्तानचं बंदर करून परत ग्रीसला येणाऱ्या जहाजासाठीही शेंगेन व्हिसा (युरोपातल्या अनेक देशांना मिळून चालणारा) तसाच हवा. अर्ज भरताना हे नमूद करा. ऑनलाइन आगमन कार्ड असेल तर तेही दोन्ही वेळा भरावं लागू शकतं.

गरोदर स्त्रियांना साधारण २४ आठवड्यांनंतर जहाजावर घेत नाहीत आणि सहा महिन्यांखालची बाळंही बहुतेक ठिकाणी चालत नाहीत. डॉक्टरांचं पत्र बरोबर ठेवा.

विमा काढताना आजारी माणसाला जहाजावरून किनाऱ्यावरच्या रुग्णालयात हलवण्याचा खर्च त्यात आहे का ते बघा. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याची फी चांगलीच महाग पडते.

५. बॅग भरताना

इस्त्री, इलेक्ट्रिक किटली, इंडक्शन, राइस कुकर, सुरी यातलं काहीही नेऊ देत नाहीत. जहाजावर आग ही सगळ्यात मोठी भीती, म्हणून हा नियम कडक आहे. घरचं खाणं नेण्याबद्दल प्रत्येक कंपनीचा नियम वेगळा, आधी विचारा. पाकीटबंद खाकरा किंवा चिवडा बऱ्याच ठिकाणी चालतो, घरी केलेल्या धपाट्यांना हरकत घेतली जाऊ शकते.

परदेशी जहाजांवर संडासात जेट स्प्रे सहसा नसतो. एक छोटा प्रवासी स्प्रे किंवा प्लास्टिकचा मग ठेवा. प्लग वेगळे असतात, साधा ॲडॉप्टर घ्या. रात्री वरच्या डेकवर वारा जोराचा असतो. पातळ जॅकेट किंवा शाल हवीच. गुळगुळीत तळव्यांच्या चपला ओल्या डेकवर घसरतात.

मोठ्या बॅगा धक्क्यावरच घेतात आणि केबिनपर्यंत पोचायला त्यांना काही तास लागतात. त्यामुळे हातातल्या पिशवीत हे ठेवा: सगळी औषधं, पासपोर्ट, चार्जर, चष्मा, पोहण्याचे कपडे, लहान मुलांच्या कपड्यांचा एक जोड.

६. चढण्याचा दिवस

बाहेरगावाहून येणार असाल तर आदल्या दिवशीच मुंबईत या. नागपूरची गाडी चार तास उशिरा आली म्हणून जहाज थांबत नाही. जहाज जिथून सुटतं तो बॅलार्ड पिअरचा धक्का सीएसएमटीहून टॅक्सीने अगदी जवळ आहे. चेक-इनची दिलेली वेळ पाळा, शेवटच्या तासात रांग सगळ्यात लांब असते.

जहाज सुटण्याआधी सुरक्षा सराव होतो. तो चुकवू नका. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझ खडकावर आदळून कलंडली आणि ३२ जणांचा जीव गेला. त्या दिवशी चढलेल्या अनेक प्रवाशांचा सराव तोवर झालेलाच नव्हता. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि सराव निघण्याआधी किंवा निघताच घेणं बंधनकारक झालं. आपल्याकडच्या मोठ्या माणसांना १७ जुलै १९४७ला मुंबईहून रेवसला जाताना बुडालेली ‘रामदास’ बोट अजून आठवते. ते समुद्रप्रवासाला घाबरत असतील तर त्यांना या सरावाला मुद्दाम हाताला धरून न्या. लाइफजॅकेट कुठे आहे, आपली जमण्याची जागा कोणती, जिना कुठे, हे प्रत्यक्ष बघितलं की भीती बरीच कमी होते. धोक्याचा इशारा लक्षात ठेवा: सात छोटे भोंगे आणि एक लांब. भोंगा झाला की लिफ्ट वापरायची नाही.

मग वरच्या डेकवर जा. जहाजाचं तोंड खुल्या समुद्राकडे झालं की उजव्या कठड्याशी उभे राहा. गेटवे, ताज, कुलाब्याच्या इमारती एकेक करून मागे सरकतात आणि शेवटी प्रॉन्ग्सचा दीपस्तंभ दिसतो. शहरात जन्म गेलेल्यांनाही मुंबई अशी दिसलेली नसते. फोटोसाठी मुलांना कठड्यावर मात्र बसवू नका.

७. बोट लागू नये म्हणून

गोळी उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग होत नाही, ती आधी घ्यायची असते. ॲव्होमिन आपल्याकडे सहज मिळते, पण तिने झोप येते आणि ती दारूबरोबर अजिबात घेऊ नये. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी आणि लहान मुलांसाठी डॉक्टरांना विचारूनच घ्या. रिकाम्या पोटी राहू नका, तसंच बुफेला तट्ट जेवूही नका. कोरडी पोळी, बिस्किटं, आलेपाक जवळ असू द्या. मळमळायला लागलं तर केबिनमध्ये आडवं पडून मोबाइल बघणं सगळ्यात वाईट. बाहेर मोकळ्या हवेत, जहाजाच्या मध्यभागी बसून क्षितिजाकडे बघत राहा. शरीराला हलण्याची सवय व्हायला थोडा वेळ लागतो, बहुतेकांना दुसऱ्या दिवशी बरं वाटतं.

८. जेवण, हात आणि फोन

शाकाहारी जेवण सगळीकडे मिळतं. जैन जेवण किंवा उपवासाचं हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच नोंदवा आणि चढल्यावर मुख्य हॉलच्या व्यवस्थापकाला पुन्हा सांगा. जेवणाआधी हात साबणाने धुवा. जहाजावर पसरणारा नोरोव्हायरस नुसत्या सॅनिटायझरने नीट जात नाही.

किनारा दिसेनासा झाला की मोबाइलचं नेटवर्क जातं. त्याआधी फोन फ्लाइट मोडवर टाका. जहाजाचं स्वतःचं नेटवर्क असतं, फोनने ते आपोआप पकडलं तर रोमिंगचं बिल डोळे पांढरे करतं. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की दिवसभर फोन लागणार नाही.

९. बंदरावर उतरताना

जहाजाची घड्याळं बघा. सिंगापूरहून फुकेतला जाणाऱ्या जहाजावर वेळ सिंगापूरचीच ठेवलेली असू शकते, पण फुकेतला उतरताच तुमचा फोन थायलंडची, म्हणजे एक तास मागची वेळ दाखवतो. परतीची वेळ जहाजाच्या घड्याळाने पाच असेल तर फोनमध्ये तेव्हा चारच वाजलेले असतात. फोनवर विसंबलेले लोक धक्क्यावरून जहाज जाताना बघत राहतात. मनगटावर साधं घड्याळ बांधा आणि ते जहाजाच्या वेळेवर ठेवा.

जहाजाने काढलेली सहल महाग असते, पण ती उशिरा परतली तर जहाज सहसा थांबतं. स्वतः टॅक्सी केलीत तर थांबत नाही. गोव्यात जहाज मुरगावला लागतं. पणजी तिथून सुमारे ३० किलोमीटर आहे आणि वाटेत वाहतूक असते. स्वतः जाणार असाल तर परतीची वेळ दोन तास आधीची धरा. काही मार्गांवर पासपोर्ट जहाजावरच जमा करून घेतात, म्हणून त्याची प्रत आणि मोबाइलमध्ये फोटो असू द्या.

१०. शेवटची रात्र

मोठ्या बॅगा रात्री दाराबाहेर ठेवायला सांगतात. सकाळचे कपडे, चपला, औषधं, पासपोर्ट आधी बाजूला काढा. सगळं बॅगेत गेल्यावर काहींना सकाळी नाइटड्रेसवर उतरावं लागतं. बिल त्याच रात्री तपासा, कारण सकाळी रिसेप्शनवर भलीमोठी रांग असते. न घेतलेलं पेय किंवा फोटो लावला असेल तर तेव्हाच काढून घ्या, उतरल्यावर मेलामेलीत महिने जातात. आणि परतीचं विमान किंवा गाडी दुपारनंतरचीच घ्या. जहाज सकाळी लागलं तरी बंदराच्या मंजुऱ्या, गटागटाने उतरणं आणि बॅगा शोधणं यात निम्मा दिवस सहज निघून जातो.