महागडा डेस्कटॉप: कंपनीकडून भरून घ्यायचा की घरी स्वतः वाढवायचा? या चुका टाळा

ऑर्डर करताना कॉन्फिगरेशनची यादी उघडली की पहिला धक्का रॅमच्या ओळीला बसतो. तेवढीच रॅम बाहेर सुटी घेतली तर बहुतेक वेळा बरीच स्वस्त पडते, मग डोक्यात एकच हिशोब सुरू होतो की सगळं कमीत कमी घ्यायचं आणि घरी आणून आपणच भरायचं. मीही तेच केलं होतं. रॅमवर वाचवलेले पैसे पुढे पॉवर सप्लायच्या नादात गेले आणि वर दोन हार्ड डिस्क गेल्या त्या वेगळ्याच.

चूक पहिली: फक्त किमतीकडे बघून ठरवणं

खरा प्रश्न असा की हा पार्ट नंतर निघतो का, आणि निघाला तर त्याच्या जागी बसणारा बाजारात मिळतो का? निघत असेल आणि मिळत असेल तर फॅक्टरीत, म्हणजे ऑर्डर करतानाच कंपनीकडून, कमी घ्या, नसेल तर तिथेच घ्या, कितीही महाग वाटलं तरी. ॲपलच्या मॅक प्रो या महागड्या डेस्कटॉपचंच बघा ना. २०१९ च्या मॉडेलला रॅमचे १२ स्लॉट होते, मोठा प्रोसेसर घेतला तर १.५ टीबीपर्यंत रॅम लावता यायची, त्यामुळे लोक कमी रॅमवालं मशीन घेऊन बाहेरून रॅम भरायचे आणि ते शहाणपणाचंच होतं. २०२३ चं ॲपलच्या स्वतःच्या एम२ अल्ट्रा चिपवालं मॉडेल आलं, डबा जवळपास तोच, पण रॅम चिपच्या पॅकेजमध्येच, जास्तीत जास्त १९२ जीबी, आणि घेताना जेवढी घेतली तेवढीच कायमची. आत जादा कार्ड लावायचे पीसीआय एक्सप्रेस स्लॉट आहेत पण त्यात ग्राफिक्स कार्ड चालत नाही. जुन्या सवयीने कमी रॅम घेणारा इथे अडकला म्हणून समजा.

आणि बाहेरची रॅम नेहमी स्वस्तच असते असंही नाही हां, २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव असे भडकले की हा सगळा हिशोबच हलला. घेण्याच्या दिवशीचे दोन्ही भाव समोर ठेवून बघायचं, दोन वर्षांपूर्वी कुणी काय सांगितलं होतं ते सोडून द्या.

चूक दुसरी: पॉवर सप्लाय नंतर बघू म्हणणं

यावर जरा जास्त बोलतो कारण सगळ्यात जास्त लोक इथेच आपटतात. ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये बऱ्याचदा कॅबिनेट, मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय तिन्ही कंपनीच्या स्वतःच्या मापाचे असतात. बाजारातल्या पॉवर सप्लायला येतो तो २४ पिनचा कनेक्टर लावायला बोर्डवर जागाच नसते, कंपनीचा आपलाच काहीतरी वेगळा कनेक्टर असतो. आणि ऑर्डर करताना तुम्ही छोटं ग्राफिक्स कार्ड निवडलं की पॉवर सप्लायही गुपचूप छोटा होतो, ते कुणी वाचतच नाही. मग वर्षभराने मोठं कार्ड आणायचं म्हटलं तर एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०९० कार्ड एकटंच ४५० वॉट खातं आणि कंपनी ८५० वॉटचा सप्लाय लावायला सांगते, ५०९० ला तर ५७५ आणि १०००. आपल्याकडे ५०० चा, तोही बदलता न येणारा, आणि त्यातून कार्डसाठी पुरेशा वायरीही निघालेल्या नसतात.

म्हणून ग्राफिक्स कार्ड नंतर घ्यायचं असेल तरी पॉवर सप्लाय फॅक्टरीतूनच मोठा घ्या. काही ठिकाणी मोठा सप्लाय मोठ्या कार्डासोबतच मिळतो, तर असं मधलं कार्ड शोधा ज्याच्यामुळे तो ऑप्शन उघडतो. जागाही मोजा, ४०९० चं एनव्हिडियाचं स्वतःचं कार्ड ३०४ मिमी लांब आणि तीन स्लॉट जाड, बाकी कंपन्यांची याहून लांब. पुढच्या फॅनपासून नाही, फॅनच्या आतल्या बाजूला ड्राइव्ह बसवायचा जो पिंजरा असतो त्याच्यापासून मोजायचं.

आता माझ्या दोन हार्ड डिस्क. माझ्या मशीनला सुदैवाने साधाच सप्लाय बसत होता, जुन्यासारखाच नवीन मॉड्युलर आणला, म्हणजे ज्याच्या वायरी सप्लायपासूनही सुट्या होतात तो. जुन्याच्या साटा पॉवरच्या, म्हणजे डिस्कला वीज देणाऱ्या, वायरी आतून छान बांधलेल्या होत्या, त्या कोण काढत बसणार म्हणून तशाच ठेवल्या आणि सप्लायकडचं टोक फक्त नवीन सप्लायमध्ये खुपसलं. बसलं की व्यवस्थित, टक्क आवाज करून! बटण दाबलं, मशीन लगेच बंद, आणि दोन्ही डिस्कमधून तो जळका वास. ड्राइव्हकडचं टोक सगळीकडे सारखं असतं पण सप्लायकडच्या टोकाला कुठल्या पिनमध्ये कुठला व्होल्टेज याचं काही स्टँडर्ड नाही, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येसुद्धा फरक असू शकतो. सप्लाय बदलला की वायरी सगळ्या बदलायच्या, सगळ्या म्हणजे सगळ्या.

४०९० सोबत आलेला १६ पिनचा कनेक्टर वितळल्याचे फोटो २०२२ मध्ये सगळ्यांनी बघितले. बऱ्याच केसमध्ये तो पूर्ण आत गेलेला नव्हता. टॉर्च मारून बघा, फट दिसता कामा नये, आणि कनेक्टरच्या तोंडाशीच वायर मुरडू नका.

चूक तिसरी: स्लॉट न बघता रॅम घेणं

फॅक्टरीतून ३२ जीबी घेतली आणि आत ८-८ च्या चार पट्ट्या निघाल्या, झालं, एकही स्लॉट रिकामा नाही. ऑर्डरच्या आधी विचारा की पट्ट्या किती. दोनच घ्यायच्या. पण मग उरलेल्या दोन स्लॉटमध्ये नंतर आणखी दोन टाकू असं डीडीआर५ या नव्या पिढीच्या रॅममध्ये सरळ होत नाही. एएमडीच्या रायझन ७००० प्रोसेसरसाठी रॅमचा अधिकृत स्पीड दोन पट्ट्यांना ५२०० आणि चार पट्ट्यांना ३६००, म्हणजे रॅम वाढली पण स्पीड पडला. जास्त लागणार असेल तर दोन मोठ्या पट्ट्यांचा एकच किट, म्हणजे एकत्र विकला जाणारा जोड, घ्या, वेगवेगळ्या किटची खिचडी करू नका.

वर्कस्टेशन, म्हणजे व्यावसायिक कामाचं दणकट मशीन, असेल तर अजून एक भानगड, त्यात बऱ्याचदा सर्व्हरसारखी रजिस्टर्ड रॅम लागते. आधीच्या पिढीच्या डीडीआर४ मध्ये साधी आणि रजिस्टर्ड दोन्ही एकाच स्लॉटमध्ये बसतात त्यामुळे माणूस फसतो, बसते पण मशीन चालू होत नाही.

आणि चालू होत नाही यावरून, नवीन डीडीआर५ टाकल्यावर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. बोर्ड रॅमचं ट्रेनिंग करत असतो, म्हणजे नव्या रॅमशी जुळवून घेत असतो. मी दहा सेकंद थांबून बटण दाबून बंद करायचो, परत चालू, परत बंद, असं अर्धा तास, आणि रॅम परत पाठवायची तयारी केली. शेवटी वैतागून चहा करायला गेलो, आलो तर लॉगिनची स्क्रीन समोर. त्यामुळे निदान दहा मिनिटं हात लावू नका. तरीही नाही आलं तर एकच पट्टी, ती बोर्डच्या पुस्तकात सांगितलेल्या स्लॉटमध्ये, बऱ्याचदा प्रोसेसरपासून दुसरा, आणि मग बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं बोर्डवरचं सॉफ्टवेअर, रिसेट. चालू झाल्यावर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्सपो, म्हणजे रॅमला तिच्या छापील स्पीडवर चालवणारं सेटिंग, ऑन करा, नाहीतर ६००० ची रॅम ४८०० वरच बसून राहते. कंपनीच्या मशीनमध्ये हा ऑप्शनच नसतो कधीकधी, मग महागडी रॅम घेऊन उपयोग काय.

एसएसडी आणि प्रोसेसर, थोडक्यात

एसएसडी बिनधास्त छोटी घ्या, बाहेरून वाढवणं सोपं आहे. फक्त दुसऱ्या एम.२ स्लॉटचा (एसएसडीची पट्टी बसते तो) इवलासा स्क्रू बऱ्याचदा बॉक्समध्ये नसतो, आधीच मागवून ठेवा, नाहीतर एसएसडी तिरकी उभी आणि आपण घरभर स्क्रू शोधतोय. काही बोर्डवर एक एम.२ भरला की डिस्क जोडायचे दोन साटा पोर्ट बंद पडतात, पुस्तकात लिहिलेलं असतं. जुनी डिस्क नवीनवर क्लोन (जशीच्या तशी कॉपी) करण्याआधी आणि बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्कवरच्या कुलपाची, रिकव्हरी की दुसरीकडे उतरवून घ्या, ती त्याच मशीनमध्ये सेव्ह करणारे महाभाग आहेत.

प्रोसेसर मात्र फॅक्टरीतूनच. छोट्या प्रोसेसरसोबत कूलरही छोटा येतो, आणि काही कंपन्यांच्या वर्कस्टेशनमध्ये एएमडीचा थ्रेडरिपर प्रो प्रोसेसर त्या कंपनीच्या बोर्डला लॉक होतो, तो काढून दुसरीकडे चालत नाही.

मूळ रॅमची पट्टी फेकू किंवा विकू नका. वॉरंटीत फोन केला की पहिलं वाक्य ‘ओरिजिनल रॅम लावून बघा’ हेच असतं.

आणि नवीन कार्ड टाकूनही गेम रखडतच असेल तर सगळं उघडण्याआधी मागे वाकून बघा, मॉनिटरची केबल अजून मदरबोर्डच्याच पोर्टला असेल.