फ्लॅमेन्को गिटार: उजव्या हाताच्या या चुका टाळा

फ्लॅमेन्को, म्हणजे स्पेनमधलं गाणं-नाच-गिटारचं संगीत, शिकायला बसलेल्या जवळपास प्रत्येकाची पहिली तक्रार एकच: वेग येत नाही. माझीही तीच होती. वर्षभर मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) चढवत राहिलो आणि एके दिवशी स्वतःचं वाजवणं मोबाइलवर रेकॉर्ड करून अर्ध्या गतीने ऐकलं. वेग होता की! पण चार बोटांचे चार आघात वेगळे ऐकूच येत नव्हते. दोन आघात आणि मागे नुसती खरखर. म्हणून खालच्या कुठल्याही दुखण्यावर औषध शोधण्याआधी डाव्या हाताने तारा हलक्या झाकून धरा, सूर बंद पाडा आणि उजवा हात एखाद्या तालवाद्यासारखा ऐका. चूक कुठे आहे ते तिथेच कळतं.

रास्गेआदोचा लगदा होणे

रास्गेआदोमध्ये करंगळी, अनामिका, मधलं बोट आणि तर्जनी एकामागून एक बाहेर उलगडत तारांवरून जातात. नवशिका मूठ आवळतो आणि फटकन उघडतो. मग करंगळी आणि अनामिका जोडीनेच बाहेर पडतात. यात सगळा दोष तुमचा नाही. तळहात टेबलावर पालथा ठेवा, मधलं बोट आत दुमडा आणि अनामिका उचलून पाहा. उचलत नाही ना? हाताच्या पाठीवर या बोटांच्या कंडरा एकमेकींना जोडलेल्या असतात, म्हणून.

तेव्हा ताकद लावू नका. अंगठा सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेवर टेकवा, मूठ सैल ठेवा, मेट्रोनोम ६० वर लावा आणि एका ठोक्याला एकच बोट सोडा. ते पूर्ण बाहेर जाऊन थांबलं की मगच पुढचं. करंगळीचा आवाज तर्जनीच्या बरोबरीला येईपर्यंत गती वाढवायची नाही. यात आठवडे जातात आणि कंटाळाही येतो. हाताच्या मागच्या बाजूला, कोपराखाली दुखू लागलं तर त्या दिवसापुरती गिटार खाली ठेवा.

मनगट हलतंय का, तेही पाहा. या प्रकारात ते जवळजवळ स्थिर हवं. मनगट फिरतं ते ‘आबानिको’ या रास्गेआदोच्या दुसऱ्या प्रकारात. स्पॅनिशमध्ये आबानिको म्हणजे हातपंखा, आणि हात हलतोही तसाच. दोन्ही एकाच महिन्यात शिकायला घेतले की दोन्ही बिघडतात.

पिकादोत अडखळणे

तर्जनी आणि मधलं बोट आलटून पालटून, तार छेडून झाली की वरच्या तारेवर टेकायचं, हा झाला पिकादो. प्रसिद्ध स्पॅनिश फ्लॅमेन्को गिटारवादक पाको दे लुसियाच्या ताना ऐकून आपण इकडेच धावतो. अडखळणं बहुतेक वेळा तार बदलताना होतं, कारण तिथे नकळत एकच बोट दोनदा वाजतं. संशय असेल तर आरशासमोर बसा. दुसरी चूक म्हणजे बोटाच्या टोकाच्या पेरातून ओरबाडणं. हालचाल तळव्याजवळच्या मोठ्या सांध्यातून यायला हवी, आणि बोट तारेपासून फार लांब जाता कामा नये. नखं लांब असली तरी तार अडकते. बोटाच्या टोकापुढे दीड-दोन मिलिमीटर पुरे.

अंगठा आणि गोल्पे

आल्सापूआ या अंगठ्याच्या तंत्रात अंगठा खाली जातो तसाच नखाच्या पाठीने वरही येतो. वर येताना तो अडकत असेल तर तुम्ही तारांमध्ये फार खोल शिरताय. अंगठा टोकाच्या पेरात वाकवू नका, हालचाल मनगटातून येऊ द्या.

गोल्पे म्हणजे अनामिकेने गिटारच्या पुढच्या फळीवर दिलेली टिचकी. इथे चूक अशी की टिचकीसाठी सगळा हातच उचलला जातो आणि ताल लंगडतो. अंगठा तारेवर पडतो त्याच क्षणी अनामिका फळीवर पडली पाहिजे. फ्लॅमेन्को गिटारवर यासाठी पातळ प्लास्टिकची पट्टी लावलेली असते, गोल्पेआदोर. साध्या क्लासिकल गिटारवर ती नसते आणि फळीचं लाकूड मऊ असतं, त्यामुळे आधी पट्टी, मग गोल्पे. स्टीलच्या तारांवर तर यातलं काहीच शिकू नका, नखं आठवड्यात झिजतील.

ट्रेमोलोबद्दल (अंगठ्यानंतर बोटांनी एकाच तारेवर भराभर आघात) एवढंच: क्लासिकलमध्ये अंगठ्यानंतर तीन आघात येतात, इथे चार. तर्जनी, अनामिका, मधलं आणि पुन्हा तर्जनी. तर्जनी दोनदा येते, म्हणून तिचाच आवाज मोठा होतो आणि घोडा दौडल्यासारखं वाटतं. ती मुद्दाम हलक्या आवाजात वाजवा.

एकतालाची सवय

ही चूक मी आपल्याकडच्या, तबला ऐकत वाढलेल्या लोकांमध्येच पाहिली आहे. सोलेआ या फ्लॅमेन्कोतल्या प्रकाराचं आवर्तनही १२ मात्रांचं, एकतालासारखंच. म्हणून आपला हात सवयीने १ वर सम मानून तिथे जोरदार रास्गेआदो मारतो. पण सोलेआत जोर ३, ६, ८, १० आणि १२ वर असतो. पहिली मात्रा हलकी, आणि वाक्य मिटतं ते १० वर. बुलेरियास या दुसऱ्या प्रकारात तर बरेचजण मोजणीच १२ पासून सुरू करतात. बोटं कितीही स्वच्छ वाजोत, जोर १ वर पडला तर समोरचा नर्तक पाय उचलून थांबेल.

गिटार बाजूला ठेवून आधी टाळ्या द्या. बारा आकडे मोठ्याने म्हणा, त्या पाच जागांवर टाळी. मग तारा झाकून तेच रास्गेआदोने, १० वर हात थांबवून.