एसएमए असलेलं बाळ: जीन थेरपी मिळेपर्यंत आणि मिळाल्यावर

एसएमए (स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी) म्हणजे स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जाऊन स्नायू दुबळे होण्याचा जनुकीय आजार. जनुक तपासणीचा रिपोर्ट हातात आला की आधी दोन आकडे बघा: या पेशींना लागणारं प्रथिन बनवणाऱ्या एसएमएन1 जनुकाच्या प्रती उरल्यात का आणि तेच प्रथिन थोडंफार बनवणाऱ्या एसएमएन2 च्या किती आहेत. एसएमएन2 जितक्या कमी, तितका आजार साधारणपणे तीव्र आणि हातातला वेळ कमी. मेलेल्या चेतापेशी जीन थेरपीने (जनुकाची चांगली प्रत शरीरात पोचवणाऱ्या उपचाराने) परत येत नाहीत, म्हणून रिस्डिप्लाम किंवा नुसिनर्सेन हे एसएमएवरचं औषध मिळण्यासारखं असेल तर ते लांबवू नका.

घरी सगळ्यात जास्त लक्ष श्वासाकडे. कफ असिस्ट (खोकल्यासारखा जोर देऊन कफ बाहेर काढणारं यंत्र) दूध पाजण्याआधी वापरा. भरल्या पोटी वापरलं तर उलटी छातीत जाण्याची भीती. सर्दीत ऑक्सिजनची पातळी घसरली की नुसता ऑक्सिजन लावून भागत नाही. पडद्यावरचा आकडा सुधारतो, पण आत कार्बन डायऑक्साइड साचत राहतो. अशा वेळी बायपॅप (मास्कमधून श्वासाला जोर देणारं यंत्र) लागेल का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. आजारपणात बाळाला फार वेळ उपाशी ठेवू नका, साखर पटकन उतरते. पायाचे स्प्लिंट (पाय सरळ ठेवणारे आधार) काढल्यावर लाल वण अर्ध्या तासात गेला नाही तर ते घट्ट आहेत, बदलून घ्या.

शिरेतून एकदाच दिलं जाणारं जीन थेरपीचं औषध झोल्जेन्स्मा अमेरिकेत 2019 मध्ये दोन वर्षांखालील मुलांसाठी मंजूर झालं. आधी एएव्ही9 (जनुक पेशींपर्यंत वाहून नेणारा विषाणू) विरुद्धची अँटिबॉडी तपासतात. प्रमाण 1:50 च्या वर असेल तर थांबावं लागतं. तान्ह्या बाळात ती आईकडून आलेली असू शकते आणि हळूहळू ओसरते, तेव्हा पुन्हा तपासायला सांगा. डोस एकदा गेला की शरीर याच विषाणूविरुद्ध इतक्या अँटिबॉडी बनवतं की दुसऱ्यांदा देता येत नाही. एएव्ही विषाणू वापरणाऱ्या कुठल्याही प्रायोगिक उपचाराच्या चाचणीत बाळाचं नाव घालण्याआधी हे लक्षात असू द्या.

औषध तासाभरात संपतं, खरी कसोटी पुढे. यकृत सांभाळण्यासाठी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आदल्या दिवसापासून, रोज किलोमागे 1 मिलिग्रॅम, 30 दिवस. पुढे यकृताचे रिपोर्ट पाहून डॉक्टर हळूहळू कमी करतात. मनाने बंद करू नका: यकृत निकामी होऊन मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत. यकृताच्या आणि प्लेटलेटच्या (रक्त गोठवणाऱ्या पेशींच्या) तपासण्या पहिला महिना दर आठवड्याला. डोळे पिवळे दिसले, अंगावर निळे डाग उठले किंवा प्रेडनिसोलोन दिल्यावर उलटी झाली, तर लगेच फोन करा. जिवंत लसींचं वेळापत्रक डॉक्टरांकडून नव्याने लावून घ्या. विष्ठेतून विषाणूचे अंश जातात, म्हणून महिनाभर डायपर बंद पिशवीत टाका आणि बदलल्यावर हात साबणाने धुवा.