नाशिकमधल्या व्यापारी इमारतींची देखभाल: कोणती तपासणी कोणत्या महिन्यात

वीज, पंप आणि गरम पाण्याची तपासणी बऱ्याच संकुलांत वर्षातून एकदाच, एएमसीवाल्याच्या (वार्षिक देखभाल कंत्राटदाराच्या) सवडीने होते. पण तपासणीचा महिना चुकला की बिघडलेली वस्तूही पास होते. ऑगस्टमध्ये ओल्या मातीत मोजलेलं अर्थिंग (गळलेली वीज जमिनीत उतरवणारी जोडणी) छान येतं, मे महिन्यात गीझर मिनिटांत पाणी तापवतो. म्हणून प्रत्येक यंत्रणा तिच्यावर ताण येतो तेव्हा किंवा त्याच्या तोंडावर तपासावी.

एप्रिल-मे: पॅनल आणि अर्थिंग

पॅनल दुपारी, सगळे एसी चालू असताना थर्मल कॅमेऱ्याने बघा. तिन्ही फेजवर लोड साधारण सारखा असूनही एक लग (केबलच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची टोपी) शेजारच्यापेक्षा १५ अंशांनी गरम असेल, तर काम लगेच काढा. नुसता बोल्ट आवळून भागत नाही. ॲल्युमिनियमच्या तारांवर ऑक्साइडचा थर धरलेला असतो. आवळल्यावर महिनाभर बरं वाटतं आणि मग लग पुन्हा तापतो. केबलचं काळवंडलेलं टोक कापा, तारा ब्रशने घासून कॉन्टॅक्ट पेस्ट लावा आणि नवा लग क्रिम्प करा (दाबून बसवा). बसबार (पॅनलमधली जाड धातूची पट्टी) तांब्याचा असेल तर लग बायमेटलिकच (ॲल्युमिनियम आणि तांबं जोडलेला) हवा. बोल्ट उत्पादकाने दिलेल्या टॉर्कवर (ठरावीक जोराने) आवळून त्यावर रंगाची रेघ मारा. पुढच्या वेळी रेघ सरकलेली दिसली की बोल्ट सैल झाल्याचं उघड्या डोळ्यांना कळतं.

त्याच वेळी प्रत्येक फेज ते न्यूट्रल व्होल्टेज मोजा. एका फेजवर २५० च्या वर आणि दुसऱ्यावर २०५-२१० दिसत असेल, तर न्यूट्रल सैल आहे असं धरूनच शोध घ्या. तो सुटला की एखाद्या फेजवर ४०० व्होल्टच्या जवळपास दाब जाऊन त्या फेजवरच्या दुकानांमधले टीव्ही, कॉम्प्युटर एकदम जळतात.

दुरुस्तीचं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. शटडाउन घेताना जनरेटरचा स्विच 'ऑटो'वर राहणार नाही हे आधी बघा. महावितरणचा मेन पाडला की जनरेटर वीज गेली समजून आपोआप सुरू होतो आणि उघड्या बसबारवर वीज येते. कपॅसिटर बँक बंद केल्यावरही तिच्यात वीज साठलेली असते, म्हणून किमान पाच मिनिटं थांबा, डिस्चार्ज करा, टेस्टरने खात्री करा, मगच हात लावा.

अर्थिंगची परीक्षा मे महिन्यातच व्हायला हवी. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात आणि अर्थिंगच्या खड्ड्यात पुरलेल्या इलेक्ट्रोडपासून सुटते. या अवस्थेत एका खड्ड्याचा रोध ५ ओहमच्या आत आला, तर वर्षभराची चिंता नाही. मोजण्याच्या आदल्या दिवशी खड्ड्यात बादलीभर पाणी ओतलं, तर आकडा चांगला येतो पण तो खोटा असतो. तपासणी करणाऱ्याला हे आधीच बजावून ठेवा. रोध जास्त आला तर मीठ वाढवू नका, त्याने इलेक्ट्रोडचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाईप सडतो. बेंटोनाइट (ओल धरणारी माती) किंवा तयार कंपाउंड भरा, नाहीतर दुसरा खड्डा घेऊन पट्टीने जोडा.

आरसीसीबीचं (वीजगळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटण दाबून बघाच. मात्र ते फक्त यंत्रणा पडते की नाही एवढंच दाखवतं. अर्थिंगची वायर तुटलेली असली तरी बटण दाबल्यावर स्विच पडतोच, म्हणून सॉकेटपर्यंतची अर्थ वायर वेगळी तपासा.

मेअखेर: गच्ची आणि तळघर

३०० चौरस मीटरच्या गच्चीवर तासात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर १५,००० लिटर पाणी खाली जायला हवं. पावसाळी पाईपच्या प्रत्येक तोंडावरची जाळी काढा, पिंपळाची रोपं मुळासकट उपटा, वॉटरप्रूफिंगवेळी पाईपमध्ये पडलेला सिमेंटचा गोळा शोधा. मग वरून पाणी सोडून खालच्या चेंबरपाशी माणूस उभा करा. ओतलेलं पाणी तिथे जोरात आलं, तरच तो पाईप मोकळा.

तळघरात साचलेलं पाणी उपसणाऱ्या सम्प पंपाचा फ्लोट (पाण्याबरोबर चढणारा स्विच) हाताने उचलला आणि पंप सुरू झाला म्हणजे तपासणी झाली, असं समजणं धोक्याचं आहे. खड्ड्यात खरंच पाणी भरा. खड्डा दीड बाय दीड मीटरचा असेल आणि मिनिटात पातळी २० सेंटिमीटर उतरली, तर पंप ४५० लिटर उपसतो आहे. नेमप्लेटच्या निम्म्यापेक्षा कमी आकडा आला, तर इंपेलरमध्ये (पंपाच्या फिरत्या पात्यांत) प्लास्टिक अडकलं असेल किंवा एनआरव्ही (पाणी उलट येऊ न देणारा व्हॉल्व्ह) पूर्ण उघडत नसेल. पंप थांबल्यावर पातळी परत चढू लागली, तर एनआरव्ही धरत नाही. मोटर ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) तपासा. १ मेगाओहमच्या खाली रीडिंग आलं तर आधी खड्ड्यातला केबलचा जॉइंट बघा, पाणी बहुतेक वेळा तिथूनच शिरतं. राखीव पंप दर आठवड्याला आलटून पालटून चालवा आणि दोन्ही पंप जनरेटरच्या लाइनवर घ्या, कारण मुसळधार पावसातच वीज जाते.

गोदाघाट, सराफ बाजार या भागांतल्या मालकांनी आणखी एक करावं. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीजवळ पाणी चढू लागलं की तळमजल्याचे सर्किट आधी पाडायचे, आणि ते कोण पाडणार हे नावानिशी ठरवून ठेवायचं. मेन पॅनल अजून तळघरात असेल, तर तो वर हलवण्याचा खर्च टाळू नका.

पाण्याची टाकी घासून झाल्यावर १०,००० लिटरला ३३ टक्क्यांची ताजी ब्लीचिंग पावडर दीड किलो घ्या. बादलीत कालवून चुना खाली बसू द्या आणि वरचं पाणी टाकीत घाला. रात्रभर ठेवून ते सगळं काढून टाका.

ऑक्टोबर: गरम पाणी

उन्हाळ्यात पाणीकपात झाली की हॉटेलं बोअरचं पाणी घेतात आणि त्यातला क्षार गीझरच्या कॉइलवर बसतो. डिसेंबरात थंडी पडली की 'पाणी कोमट येतं' अशी तक्रार सुरू होते. म्हणून कॉइल काढून डिस्केल करा (क्षार काढा), ॲनोड रॉड (टाकी गंजू नये म्हणून स्वतः झिजणारी कांडी) झिजून तार दिसू लागली असेल तर बदला, सेफ्टी व्हॉल्व्हचा खटका उचलून पाणी सुटतं का बघा. साठवण ६० अंशांवर ठेवा. त्याखाली न्यूमोनियासारखा आजार करणाऱ्या लिजिओनेला जिवाणूंना वाव मिळतो. नळाशी मात्र मिक्सरने तापमान उतरवा, नाहीतर पाहुण्याचा हात भाजेल.

गच्चीवरच्या सोलर वॉटर हीटरच्या काचनळ्या रिकाम्या झाल्या असतील, तर दुपारी पाणी भरू नका. तापलेली काच तडकते. पहाटे भरा. व्हेंट पाईपच्या (वाफ-हवा बाहेर सोडणाऱ्या) तोंडात पक्ष्यांनी घरटं केलेलं नाही ना, हेही त्याच फेरीत बघून घ्या.