काकाकुवा दुसऱ्या घरी देताय? या चुका टाळा

शिकागोच्या ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालयातला कुकी नावाचा काकाकुवा २०१६ मध्ये गेला, तेव्हा तो ८३ वर्षांचा होता. घरातले काकाकुवे सहसा इतकं जगत नाहीत, पण नीट ठेवला तर चाळीस-पन्नास वर्षं सहज काढतो. म्हणजे चाळिशीत हौसेने पिल्लू आणणाऱ्याने त्याचं पुढचं घरही मनात धरूनच चालायला हवं. त्यामुळे पक्षी दुसऱ्याला द्यावा लागला तर उगाच अपराधी वाटून घेऊ नका. कुणाला दमा निघतो, कुणाची बदली होते, कुठे सोसायटीची नोटीस येते, कुठे ज्यांच्या अंगाखांद्यावर तो वाढला ते आजोबाच जातात. बिघडतं ते घाईत.

‘मोफत, चांगल्या घरी देणे आहे’

सगळ्यात महाग पडणारी जाहिरात हीच. फोटो, खाली ‘बोलतो, नाचतो, एकदम हॅन्डटेम’, आणि पुढे ‘फ्री’. तासाभरात फोन सुरू होतात. त्यातला पक्ष्यांचा व्यापारी लगेच ओळखू येतो. तो तीनच गोष्टी विचारतो: नर की मादी, वय काय, पायात रिंग आहे का. काय खातो, कशाला घाबरतो, रात्री कुठे झोपतो, यातलं काही नाही. आणि तो आज संध्याकाळीच न्यायला तयार असतो.

हा पक्षी पुढे विकला जातो नाहीतर ब्रीडिंगला लावला जातो. ‘बिचाऱ्याला जोडीदार तरी मिळेल’ असं मनाचं समाधान करून घेऊ नका. माणसाच्या हातावर वाढलेल्या काकाकुवाला दुसऱ्या पक्ष्याशी कसं वागायचं हेच ठाऊक नसतं. त्यात पिंजऱ्यातला नर मादीवर उलटून तिची चोच फोडतो, कधी जिवेही मारतो. काकाकुवा पाळणाऱ्यांना हे नवीन नाही.

थोडी रक्कम मागा. पैशासाठी नव्हे, चाळणी म्हणून. जाहिरातीपेक्षा तुमच्या पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे शब्द टाकून ठेवणं केव्हाही चांगलं. कोणाकडचा पक्षी नीट राहतो हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं.

दोष झाकून गुण सांगणं

माझ्या मते मुख्य चूक ही. स्थळ दाखवताना करतात तसं लोक पक्ष्याचं गुणवर्णन करतात, आणि महिन्याभरात पक्षी तिथूनही निघतो. प्रत्येक फेरीत त्याचा माणसावरचा भरवसा कमी होतो आणि चावणं वाढतं.

तेव्हा आधी कुरबुरी सांगा. तो पहाटे आणि दिवेलागणीला किंचाळतो, आणि ते दोन मजले खाली ऐकू जातं. त्याच्या पिसांतून पांढरी भुकटी सतत झडते. सकाळी पुसलेल्या टीव्हीवर संध्याकाळी बोट फिरवलं तर रेघ उठते. दम्याच्या माणसाला हे सोसत नाही. घरात मकाव (मोठा विदेशी पोपट) असेल तर त्याच्याही श्वासाला ती भुकटी बाधते. बायकोच्या खांद्यावर लाडात येणारा पक्षी नवऱ्याच्या कानाचा तुकडा पाडू शकतो. चावण्याआधी तो काय करतो तेही सांगा: तुरा ताठ, शेपूट पंख्यासारखी फुललेली, एका पायावरून दुसऱ्यावर डुलणं. घरच्यांना ही चाहूल कळते, नवख्याला तो ‘नाचतोय’ असं वाटतं.

बघायला येणाऱ्यांना रविवारी दुपारी बोलावूच नका. तेव्हा पक्षी डुलकी घेत असतो. दिवेलागणीच्या आधी बोलवा, सगळ्या घरादाराला बोलवा आणि दोन तास बसवा. किंचाळणं ऐकूनही जे पुन्हा फोन करतात, त्यांच्याशीच पुढे बोला.

सवयींचा कागदही सोबत द्या. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या पक्षी-आश्रमात २००७ साली स्नोबॉल नावाचा काकाकुवा देताना मालकाने एक सीडीही दिली होती, याला यावर नाचायला आवडतं म्हणून. आश्रमाने ती लावून पाहिली. तो खरंच तालावर नाचत होता, इतका की २००९ मध्ये त्याच्या नाचावर शास्त्रीय निबंध निघाला. तुमचा पक्षी इतका गाजणार नाही, पण कुकरच्या शिट्टीला तो शीळ घालून उत्तर देतो आणि लाल टोपी पाहून बिथरतो, हे नव्या घराला कळायलाच हवं.

बंगला बघून हुरळणं

मोठं घर, बाग, दोन गाड्या, आणि सकाळी नऊ ते रात्री आठ घरात कुणी नाही. त्यापेक्षा वन-बीएचकेत दिवसभर घरी असणाऱ्या, रेडिओ लावून भाजी निवडणाऱ्या काकू बऱ्या. मात्र काकू सत्तरीच्या असतील तर त्यांच्यानंतर पक्षी कोण बघणार, हेही स्पष्ट विचारा. वाईटपणा येईल, येऊ द्या.

एकदा घरी जाऊन या. छताचा पंखा चालू असताना पक्षी मोकळा सोडतात का? खिडक्यांना जाळी आहे का? स्वयंपाकघर कुठे आहे? नॉनस्टिक तवा जास्त तापला की निघणाऱ्या वायूने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो, आणि रोजचा धूप-उदबत्तीचा धूरही त्याच्या फुप्फुसांना चालत नाही. पिंजऱ्याची साधी कडी तो चोचीने उघडतो, त्यामुळे कुलूप किंवा स्क्रूची कडी लागते. तिथे आधीच पोपट-लव्हबर्ड असतील तर पीबीएफडी या पिसांच्या विषाणूरोगाची तपासणी दोन्हीकडच्या पक्ष्यांची करून घ्या, आणि निदान महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवायला सांगा.

कागद राहू देणं

देशी पोपट पाळणं मुळातच बेकायदा आहे हे बहुतेकांना माहीत असतं. ‘विदेशी पक्ष्याला काही लागत नाही’ हा समज मात्र आता जुना झाला. काकाकुवे साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहेत, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर ती यादी वन्यजीव कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आली. २०२४ च्या फेब्रुवारीत आलेल्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, आणि पक्षी दुसऱ्याकडे गेला की तेही कळवावं लागतं. सुरुवातीची सहा महिन्यांची मुदत हुकली असेल तर पक्षी हलवण्याआधी वनविभागाशी बोला. नोंद नसलेला पक्षी दुसऱ्याच्या गळ्यात मारू नका.

मोकळं सोडून देणं हा तर पर्यायच नाही. आयतं खाल्लेल्या पक्ष्याला कावळे-घारी दोन दिवसही टिकू देणार नाहीत.

गेल्यावर काय बिघडतं

पहिले दोन-तीन दिवस खात नाही. नव्या घराने हौसेने भांडी, पिंजरा, खाणं सगळं नवं आणलेलं असतं. जुना पिंजरा, जुन्या वाट्या, जुनंच खाणं द्या. फक्त सूर्यफुलाच्या बिया खाणारा असेल तर पेलेट (तयार दाणेदार खाद्य) आणि भाज्यांकडे वळवणं महिन्याभराने सुरू करा. पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला लागलेली असू द्या. रोज सकाळी किचनच्या वजनकाट्यावर वजन घ्या. दहा टक्के घटलं की डॉक्टर, वाट बघायची नाही.

आधी शहाण्यासारखा वागला, तीन आठवड्यांनी चावू लागला. हे ठरलेलंच आहे. सुरुवातीला तो बिचकून गप्प असतो, रुळला की हद्द आजमावतो. बहुतेक पक्षी नेमके याच वेळी परत येतात, म्हणून हे देतानाच सांगून ठेवा. ओरडून किंवा चोचीवर टिचकी मारून काही होत नाही, उलट ओरडाआरड्याची त्याला मजा वाटते. शांतपणे खाली ठेवा, पाठ फिरवा.

छातीची पिसं उपटायला लागला तर आधी रक्त तपासा, मग कंटाळ्याकडे बघा. नारळाच्या करवंट्या, बांबूचे तुकडे, मक्याची सालासकट कणसं रोज फोडायला द्या. पाठीवर आणि पंखांखाली कुरवाळणं बंद करा, त्याने पक्षी माजावर येतो. लाड डोक्या-मानेपुरतेच.

दिवाळीच्या किंवा गणपती विसर्जनाच्या आठवड्यात घरबदल नको. फटाक्यांच्या आणि ढोलांच्या आवाजाने अंधारात पिंजऱ्यात आपटून पंख मोडून घेतात.

आणि साध्या कागदावर एक ओळ लिहून दोघांच्या सह्या घ्या: नाही जमलं तर पक्षी तिसऱ्याला न देता आधी मला विचारायचं. त्याखाली जुन्या डॉक्टरांचा फोन नंबर लिहा.